टॅकोमीटर बघून घेतलेला पंखा: मर्क्युरी टेम्पेस्ट प्लस, १९ पिच

माझी बोट साडेअठरा फुटी, फायबरची. मागे बाहेरून टांगलेलं मर्क्युरीचं १५० हॉर्सपॉवरचं फोरस्ट्रोक इंजिन, म्हणजे आउटबोर्ड. बोटीबरोबर आलेला पंखा, म्हणजे प्रॉपेलर, ॲल्युमिनियमचा, तीन पात्यांचा, १७ पिचचा. त्यावर सपाट पाण्यात ताशी ६६ किलोमीटर मिळायचे. मला सत्तरी ओलांडायची होती. आज बोट ७३ ला जाते. इंजिन तेच आहे आणि बोटही तीच. बदलला आहे तो पंखा आणि इंजिनाची उंची. टेम्पेस्ट प्लस या स्टेनलेस स्टीलच्या नव्या पंख्याबद्दल लिहायचं आहेच, पण त्याआधी ज्या पंख्यापायी माझा एक अख्खा मोसम गेला त्याबद्दल सांगतो. तीच चूक होताना मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे.

पिच म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्यात बोट किती इंच पुढे जायला हवी तो आकडा. लाकडात स्क्रू जसा जातो तसं पाण्यात पंखा गेला असता तर १७ पिचच्या पंख्याने एका फेऱ्यात बरोबर १७ इंच कापले असते. हे समजल्याबरोबर मी सरळ हिशेब केला: पिच वाढवला की वेग वाढणार. म्हणून २१ पिचचा स्टेनलेस स्टीलचा पंखा घेतला. चकचकीत, पातळ पात्यांचा, देखणा. पहिल्या दिवशी थ्रॉटल पुढपर्यंत ढकलला, आणि जीपीएसवर आकडा आला ६६. पूर्वी होता तेवढाच. शिवाय बोट पाण्यावर उचलली जायला आधीपेक्षा कितीतरी वेळ घेत होती, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आभाळाकडे आणि मागचा भाग पाण्यात रुतलेला. दोष बोटीच्या बुडाला लागलेल्या शेवाळाचा असेल असं समजून मी बूड घासून काढलं. मग पेट्रोलवर शंका घेतली. असे बरेच महिने गेले.

शेवटी एका जुन्या मेकॅनिककाकांना बोट दाखवली. त्यांनी पंख्याकडे बघितलंही नाही. एवढंच विचारलं, "फुल थ्रॉटलला काटा कुठे जातो?" मला उत्तर देता आलं नाही. इतके महिने मी फक्त वेगाचा आकडा बघत होतो.

टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे दाखवणाऱ्या गेजचा, काटा ४९०० वर जात होता. या इंजिनाला कंपनीने पूर्ण थ्रॉटलला ५००० ते ५८०० फेऱ्यांची मर्यादा दिली आहे. म्हणजे माझं इंजिन त्याच्या खालच्या हद्दीपर्यंतही पोचत नव्हतं. १५० हॉर्सपॉवर मिळतात त्या वरच्या फेऱ्यांवर. तिथपर्यंत इंजिन पोचलंच नाही, तर ताकद विकत घेऊनही वापरलीच जात नाही. त्याहून वाईट म्हणजे थ्रॉटल पूर्ण उघडा आणि फेरे कमी अशा अवस्थेत इंजिन सतत ओझ्याखाली चालतं. सिलिंडरमधला ताप आणि दाब वाढतो, नॉकिंगचा, म्हणजे इंधन अवेळी पेटून ठकठक होण्याचा, धोका राहतो, कार्बन साचतो. चढावर टॉप गिअरमध्ये गाडी रेटावी तसं मी ते इंजिन रेटत होतो. हे कळल्यावर मला खरंच वाईट वाटलं.

सगळ्यांनी लिहून ठेवावा असा एक हिशेब आहे. इंजिनाच्या फेऱ्यांना गिअरच्या गुणोत्तराने भागा, इंचातल्या पिचने गुणा आणि ६५६ ने भागा. येतो तो ताशी किलोमीटरमधला कागदावरचा वेग. माझ्या इंजिनाचं गुणोत्तर १.९२, म्हणजे इंजिनाच्या १.९२ फेऱ्यांना पंख्याचा एक फेरा. जुन्या १७ च्या पंख्यावर ५७५० फेरे येत, म्हणजे कागदावर ७७.६ आणि प्रत्यक्षात ६६.३. मधली तूट, जिला स्लिप म्हणतात, साडेचौदा टक्के. हलक्या, पाण्यावर चढून पळणाऱ्या बोटीला साधारण १० ते १५ टक्के स्लिप असतेच. पाणी म्हणजे लाकूड नव्हे. पण २१ च्या पंख्यावर कागदावरचा वेग ८१.७ आणि हातात आलेला ६६, म्हणजे स्लिप १९ टक्क्यांच्या वर. बोट नीट उचललीच जात नव्हती आणि पंखा पाणी नुसतं घुसळत होता.

इथे एक जुनी हकिकत आठवते. फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रज शेतकऱ्याने १८३६ मध्ये स्क्रू प्रॉपेलरचं पेटंट घेतलं. त्याचा लाकडी स्क्रू पूर्ण दोन वेढ्यांचा होता. १८३७ मध्ये लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात चाचणी चालू असताना तो कशावर तरी आपटला आणि त्याचा निम्मा भाग तुटून गेला. बोट थांबण्याऐवजी एकदम जोरात पळायला लागली. पुढे त्याने एका वेढ्याचाच स्क्रू बसवला. माझा २१ चा पंखा काढून ठेवताना मला हे सारखं आठवत होतं.

आता टेम्पेस्ट प्लस. पिच एक इंचाने बदलला तर इंजिनाचे फेरे साधारण १५० ते २०० ने बदलतात. १७ वर मी ५७५० ला होतो, म्हणजे दोन इंच वर जायला जागा होती. चार इंच जायला नव्हती. म्हणून १९ घेतला. पहिल्याच फेरीत काटा ५३५० वर स्थिरावला आणि वेग आला ७०.६.

१७ च्या ॲल्युमिनियमवर इंजिन मर्यादेत होतं, मग हा वाढीव वेग आला कुठून? थोडा पिचमधून, पण बराचसा पंख्याच्या घडणीतून. ॲल्युमिनियमची पाती जाड ठेवावी लागतात आणि तरी जोर आला की ती किंचित वाकतात. वाकली की पिच बदलतो. स्टील कितीतरी कडक असल्याने पातं पातळ करता येतं आणि ते आकार सोडत नाही. दुसरं म्हणजे या पंख्याचा रेक जास्त आहे, म्हणजे पाती मागच्या बाजूला झुकलेली आहेत. त्याने नाळ उचलली जाते आणि बोटीचा पाण्याला टेकलेला भाग कमी होतो. वेगात असताना बुडाचं घर्षण हाच मोठा शत्रू असतो. आमची नाळ पूर्वी जिथे पाणी फाडायची, तिथे आता ते पाणी बसणाऱ्याच्या मागून उडतं. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी थ्रॉटल न सोडता दोनदा मागे वळून पाहिलं.

पात्याच्या मागच्या कडेला आतल्या बाजूला हलकी वळी असते, तिला कप म्हणतात. तिच्यामुळे पंखा पाणी धरून ठेवतो आणि इंजिन वर उचलता येतं. ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीवर, इंजिन ज्या भोकांतून बसवतात ती एकमेकांपासून पाऊण इंचावर, म्हणजे १९ मिलिमीटरवर असतात. मी एक भोक वर घेतलं. गिअरकेसचा, म्हणजे इंजिनाच्या पाण्यातल्या खालच्या भागाचा, तेवढा भाग पाण्याबाहेर आला, ओढ कमी झाली, काटा ५५०० वर आणि वेग ७३.२. स्लिप १२ टक्क्यांच्या आत. ॲल्युमिनियमचा पंखा याच उंचीवर वळणात हवा ओढायचा, फेरे एकदम चढायचे आणि बोट मंदावायची. इंजिन वर घेणाऱ्यांनी पाण्याच्या दाबाच्या गेजवर लक्ष ठेवावं. थंड करणारं पाणी आत घेणारी छिद्रंही त्याबरोबर वर येतात. दाब पडला तर गुपचूप एक भोक खाली यावं. वेगासाठी इंजिन जाळू नये.

हवा ओढणं आणि कॅव्हिटेशन यात गल्लत फार होते. पहिल्यात पृष्ठभागावरची हवा किंवा इंजिनाचा धूर पात्यांपर्यंत पोचतो. कॅव्हिटेशनमध्ये पात्याच्या पाठीवर दाब इतका पडतो की गार पाण्याचीच वाफ होते, आणि ते बुडबुडे फुटताना धातू कुरतडतात. चार्ल्स पार्सन्सच्या टर्बाइनवर चालणाऱ्या 'टर्बिनिया' या बोटीला १८९४ मध्ये यानेच अडवलं होतं. ताकद होती, वेग येईना. पंखा फिरवणाऱ्या एका दांड्याऐवजी तीन दांडे आणि प्रत्येकावर तीन असे नऊ पंखे लावल्यावर ती ३४ नॉट्सवर गेली. आपल्या बोटीवर मात्र पात्याच्या पुढच्या कडेवरची छोटीशी खोचही कॅव्हिटेशन सुरू करायला पुरते. बोट किनाऱ्याला घेतली की मी प्रत्येक पात्यावरून हाताचं बोट फिरवतो. डोळ्याला न दिसणारी खोच बोटाला लागते.

या पंख्याच्या आणखी एका गोष्टीवर माझा जीव जडला आहे. इंजिनाचा धूर हबमधून, म्हणजे पंख्याच्या मधल्या पोकळ भागातून, बाहेर पडतो. प्रत्येक पात्यामागे या हबवर एक छिद्र आहे, आणि त्यात बसवायचे प्लास्टिकचे प्लग बदलता येतात: बंद, मध्यम किंवा मोठ्या भोकाचे. सुरुवातीला त्या भोकातून थोडा धूर पात्यांवर येतो, पंखा जरा हलका फिरतो आणि इंजिन पटकन फेरे पकडतं. वेग आला की धूर सरळ मागे निघून जातो. मी मध्यम भोकाचे प्लग लावले आहेत. पाच माणसं घेऊनही बोट विनातक्रार वर येते.

एका मित्राचा चार पात्यांचा १९ चा पंखाही दोन दिवस लावून पाहिला. ५१५० फेरे, ६९ किलोमीटर. वर यायला सगळ्यांत चपळ, कमी वेगातही बोट खाली बसू देत नाही, थरथर जवळजवळ नाही. लाटांच्या पाण्यात किंवा स्की ओढायला मी तोच घेईन. वरच्या टोकाला मात्र जादा पात्याची ओढ लागतेच.

स्टीलच्या पंख्याबद्दल एक सावधगिरी. तो जड असतो, त्यामुळे गिअर टाकताना खट्ट आवाज येतो. आणि दगडावर आपटला तर ॲल्युमिनियमसारखा सहज दुमडत नाही, धक्का आत जातो. म्हणून हबमधली बुश, म्हणजे दांडा आणि पंखा यांच्या मधला तुकडा, महत्त्वाची. यातली फ्लो-टॉर्क टू जातीची आहे, प्लास्टिकची बाही असलेली, धक्का स्वतःवर घेणारी आणि बदलता येणारी.

माझे सगळे आकडे एकाच पद्धतीने घेतलेले आहेत: दोन माणसं, अर्धी टाकी, वारा पडलेला असताना, दोन्ही दिशांनी धावून जीपीएसची सरासरी, आणि ट्रिम, म्हणजे इंजिनाचा कल, फेरे निसटण्याच्या जरा अलीकडे. पूर्ण भरलेल्या बोटीला काटा ५२०० च्या आसपास राहतो, म्हणजे तेव्हाही मर्यादेतच. नेहमी माणसांनी भरलेली बोट चालवत असाल तर तुमची चाचणीही भरूनच घ्या, आणि पिच त्यावरून ठरवा.

बसवताना दांड्याच्या खाचांना ग्रीस लावा. पुढचा थ्रस्ट वॉशर जुन्या पंख्याला चिकटून निघून येतो, तो विसरू नका, आणि नट आवळल्यावर टॅब वॉशरचे कान दुमडा. जुना १७ चा पंखा मी टाकलेला नाही. नट, पाना आणि लाकडाच्या ठोकळ्यासह तो बोटीतच मागच्या खणात असतो.