ऑइलची नवी जाळी सांगून जुनीच बसवली, १७,७०० रुपये घेतले आणि इंजिन गेलं

नारायणगावहून पुण्याच्या गुलटेकडी मार्केटला टोमॅटो नेणारी माझी पिकअप. इंजिन तापलं की स्लोला, म्हणजे रेस न देता, ऑइल प्रेशरचा लाल दिवा लुकलुकायचा, म्हणून हायवेवरच्या एका गॅरेजात लावली. मिस्त्रीने चेंबर, म्हणजे इंजिनखालची ऑइलची टाकी, उतरवून पंप जिच्यातून ऑइल ओढतो ती जाळी माझ्या हातात दिली. अर्धी गाळाने बुजलेली, एक कडा ठेचलेली. मी फोटो काढून मेहुण्याला पाठवला, तोच फोटो पुढे कामी आला.

"ऑइल पंप गेलाय, जाळी-पाइपही नवा टाकू." पंप ६,८००, जाळी-पाइप १,९५०, ऑइल-फिल्टर ३,२५०, मजुरी ४,५०० आणि टेस्टिंगचे १,२००. पक्कं बिल मागितलं तर जीएसटी वाढेल म्हणाला. जुने पार्ट भंगारात गेले म्हणाला. पार्ट डोळ्यांसमोर ताब्यात घ्या, काय वाटेल ते होवो.

मला सगळ्यात जास्त खातंय ते टेस्टिंग. दिव्याचा सेन्सर काढून तिथे प्रेशर मोजायचा गेज लावला, स्टार्टर मारला, काटा थेट चार किलोवर. "बघा शेठ!" अहो, थंड इंजिन, ताजं घट्ट ऑइल, काटा वर जाणारच! खरं प्रेशर कळतं ते इंजिन पूर्ण तापल्यावर, आधी स्लोला आणि मग दोन हजार आरपीएमला. बारा वर्षं गाडी चालवतोय, मला हे माहीत होतं. "जरा गरम होऊ दे" असं म्हणालोसुद्धा. "मागे तीन गाड्या आहेत" म्हणत त्याने गेज काढला आणि मी गप्प बसलो. शेतात ७० क्रेट भरून ठेवले होते, माल नासला असता. माझ्या जागी कोणीही निघालाच असता.

अकराव्या दिवशी घाटात इंजिन खडखडायला लागलं. दुसऱ्या मिस्त्रीने चेंबर खोलला तर जाळी तीच, ठेचलेली कडाही तीच. फोटो शेजारी धरून पाहिला. जाळीत, गळू नये म्हणून चेंबरला फासलेल्या सिलिकॉनचे लाल तुकडे अडकलेले, पाइपच्या जोडाची रबरी रिंग (ओ-रिंग) चपटी, लाकडासारखी टणक. तिथून पंप हवा ओढत होता, इंजिनला तेल पुरत नव्हतं. पंपही तोच, नुसता धुऊन बसवलेला. क्रँक, बेअरिंग, मजुरी मिळून ४६,८५० गेले. पंप बसवण्याआधी त्याला जाळी-पाइप जोडून फक्त जाळी ऑइलच्या डब्यात बुडवा आणि पंप हाताने फिरवायला लावा. तेल सलग यायला हवं, बुडबुडे येतच राहिले तर बसवू देऊ नका.

पोलीस ठाण्यात दोन चकरा मारल्या. "सिव्हिल मॅटर आहे" म्हणून दोन्ही वेळा परत पाठवलं, साधा अर्जही घेतला नाही. ग्राहक तक्रारीच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, गाडी पिवळ्या पाटीची, धंद्याची, तुम्ही ग्राहकच नाही! २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात लिहिलंय की पोटासाठी स्वतः राबणाऱ्याने त्या कामासाठी घेतलेला माल धंद्याचा धरत नाहीत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, तक्रार करायची मुदत २ वर्षं. पगार त्यांनी घ्यायचा आणि कायदा मी वाचून दाखवायचा?

यूपीआयने दिलेले १२,००० गॅरेजवाला कबूल करतो. ५,७०० रोख दिले, त्यांचा कागद नाही. रोख देऊ नका. जाळी आणि ओ-रिंग पिशवीत बांधून ठेवली आहे, सोमवारी लेखी तक्रार घेऊन पुन्हा त्याच टेबलावर जाणार आहे.