ग्रीनच्या पवनचक्कीचं पीठ: आठ महिन्यांच्या पोळ्यांनंतर

परवा डबा उघडला आणि जुन्या शेंगदाण्यांना येतो तसा खवट वास नाकात शिरला. अर्धी पिशवी पीठ टाकावं लागलं. अन्न टाकायची सवय नाही, त्यात हे पीठ दुकानातल्या चपातीच्या पिठापेक्षा किलोमागे दुपटीहून महाग. जीव फार हळहळला, म्हणून लिहायला बसले. चूक पिठाची नव्हती, माझी होती.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये राहणाऱ्यांना स्नेन्टनच्या टेकडीवरची विटांची पवनचक्की सांगायला नको. मी पहिल्यांदा गेले ती पिठासाठी नाही, नावासाठी. इंजिनिअरिंगच्या एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला, ‘ग्रीन्स थिअरम’ घोकला असेल, तर तो जॉर्ज ग्रीन इथलाच. त्याच्या बेकर वडिलांनी 1807 मध्ये ही चक्की बांधली आणि मुलगा इथेच राबला. शाळा जेमतेम वर्ष-दीड वर्ष. 1828 मध्ये त्याने वीज आणि चुंबकत्वाच्या गणितावरचा निबंध पन्नासएक वर्गणीदारांच्या आधारावर छापला, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर केंब्रिजला शिकायला गेला. 1841 मध्ये वारला, तेव्हा त्याचं मोठेपण फार थोड्यांना कळलं होतं. पुढे चक्की बंद पडली, 1947 मध्ये तिला आग लागली, आणि 1980च्या दशकात ती पुन्हा उभी केली गेली. जिन्यावर मी मध्येच थांबले. ज्याची इंटिग्रल्स सोडवताना मी रात्री जागवल्या, तो माणूस याच भिंतींच्या आत गव्हाची पोती उचलत होता.

दळणाचा मजला मात्र लगेच ओळखीचा वाटला. जातंच ते! खालची तळी स्थिर, वरची फिरती, खुंट्याला हात लावायला फक्त वारा. दाणे ज्या पन्हाळीतून तळीच्या तोंडात पडतात, तिला एक फिरता दांडा सतत टकटक धक्के देतो. वारा वाढला की टकटक वाढते आणि दाणेही आपोआप जास्त पडतात. जात्यात दाणे सोडणाऱ्या आजीच्या डाव्या हाताला जे कळायचं, ते इथे एका लाकडी दांड्याला कळतं. तिथल्या एका स्वयंसेवक काकांनी खाली पडणारं पीठ अंगठा आणि बोटात चोळून पाहिलं आणि दोन तळ्यांमधलं अंतर किंचित बदललं. गावच्या गिरणीत आजी असंच पीठ चोळायची आणि “अजून बारीक येऊ दे रे” म्हणायची. मीही चिमूटभर पीठ तळहातावर घेतलं. गार होतं! आपल्या गिरणीतून आणलेला डबा हाताला चटका देतो, तीच सवय मला होती.

खाली दुकानातून गव्हाच्या पिठाची पिशवी आणली, दुसऱ्या दिवशी पोळ्या केल्या, आणि तिथून माझं या पिठाशी भांडण सुरू झालं. पोळी लाटताना कडा फाटायच्या, कोंड्याचे मोठे तुकडे मधेच भोक पाडायचे. तव्यावर अर्धवट फुगायची. दुपारी डबा उघडला की कडा पापडासारख्या. दोन महिने मी सगळ्यांना सांगत होते की चक्की बघायला जा, पीठ घेऊ नका. हे मत मी आता मागे घेते.

कारण कळायला वेळ लागला. आपली गिरणी तळ्या घट्ट दाबून, गरम करून दळते. त्यात गव्हातल्या स्टार्चचे कण फुटतात आणि फुटलेला स्टार्च पाणी भरपूर पितो. पोळीचा मऊपणा तिथून येतो. पवनचक्की सैल, गार दळते. कण कमी फुटतात, कोंडा मोठा राहतो, आणि तो पाणी सावकाश पितो. मी मात्र नेहमीच्या हातानं पाणी घालून, दहा मिनिटं ठेवून लाटायला बसत होते. आता कोमट पाण्यात सैलसर कणीक भिजवते, चाळीस मिनिटं झाकून ठेवते, तेलाच्या हातानं परत तिंबते. मोठा कोंडा चाळून निघतो, तो थालीपिठात जातो. पोळी फुगते. दुकानच्या पिठाइतकी पांढरी, लुसलुशीत होत नाही, पण गव्हाची चव लागते. ती चव मी कितीतरी वर्षांनी चाखली.

एकदा दोन्ही पिशव्यांवरची घटकांची यादी शेजारी ठेवून वाचली. चपातीच्या ‘मीडियम’ पिठात कॅल्शियम कार्बोनेट, लोह, नायसिन, थायमिन. त्यात वाईट काही नाही. कोंडा काढलेल्या पिठात हे घालणं इथे कायद्यानंच बंधनकारक आहे. पण चक्कीच्या पिशवीवर एकच शब्द होता: गहू. अख्ख्या गव्हाच्या पिठाला त्या कायद्यातून सूट आहे.

आणि त्याच अख्खेपणामुळे परवाचं नुकसान झालं. दाण्यातला अंकुरही पिठात राहतो, अंकुरात तेल असतं, आणि तेल उबेत खवट होतं. माझा डबा बॉयलरच्या वरच्या कपाटात होता. संपूर्ण उन्हाळा! गावाकडे पंधरा दिवसांचं दळण आणायचे, ते उगाच नाही, हे मला आधीच आठवायला हवं होतं.

आता पिशवी आली की चार वाट्या डब्यात, बाकीचं फ्रीजरमध्ये. पैशांचं गणित काही बदललेलं नाही, म्हणून आठवड्याच्या डब्याला दोन्ही पिठं निम्मी-निम्मी आणि रविवारी निव्वळ चक्कीचं. कणकेच्या लाडवांना मात्र दुसरं पीठ घेणार नाही. हा रवाळपणा तुपात भाजला की जो खमंग वास सुटतो, तो दुकानच्या पिठाला येत नाही.

जाणार असाल तर वाऱ्याचा दिवस धरा. वारा पडला की पाती उभी राहतात, आणि दळताना बघायचं राहून जातं.