क्लास परत करणारं फंक्शन: बाणापुढे टाइप की कॉलेबल?

पायथनमध्ये एखादं फंक्शन ऑब्जेक्ट नव्हे, अख्खा क्लासच परत देतं, तेव्हा परतीचा टाइप सांगणाऱ्या बाणापुढे (->) काय लिहावं? नुसतं 'टाइप' लिहून मोकळं होता येतं, पण मायपाय (कोड न चालवता टाइप तपासणारा प्रोग्रॅम) त्याचा अर्थ 'टाइप[एनी]', म्हणजे कुठलाही क्लास, असा घेतो आणि पुढे काहीही केलंत तरी हूं की चूं करत नाही. ते बाजूलाच ठेवू. खरी निवड 'टाइप[एक्स्पोर्टर]' (एक्स्पोर्टर हा आमचा बेस क्लास; तो किंवा त्याचा सबक्लास) आणि 'कॉलेबल[[पाथ], एक्स्पोर्टर]' (पाथ देऊन बोलावलं की एक्स्पोर्टर ऑब्जेक्ट देणारं काहीही) यांच्यातली.

पहिलं वाचायला सरळ. पायथन ३.९ पासून त्यासाठी टायपिंग मॉड्यूलमधून काही इम्पोर्टही करावं लागत नाही. माझं त्याच्याशी बिनसलं ते कन्स्ट्रक्टरवरून.

आमच्याकडे फाइलच्या एक्स्टेन्शनवरून योग्य क्लास काढून देणारं फंक्शन आहे. बेस क्लास फक्त पाथ घेतो, पीडीएफवाल्या सबक्लासला मात्र फॉन्टही लागतो. 'टाइप[एक्स्पोर्टर]' लिहिलं की मायपाय पाहतो तो बेसचाच कन्स्ट्रक्टर. सबक्लासच्या बाकी मेथड्सवर तो डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतो. इनिटला, म्हणजे कन्स्ट्रक्टरच्या मेथडला, तेवढी सूट, तिची सिग्नेचर हवी तशी बदला. त्यामुळे 'क्लास(पाथ)' ही ओळ बिनबोभाट पास होते आणि कुणी पीडीएफचं बटण दाबलं की टाइपएरर. अॅनोटेशनचा सगळा खटाटोप ज्यासाठी, नेमकं तेच निसटतं.

कॉलेबल लिहा आणि रजिस्ट्रीच्या डिक्शनरीलाही (जिच्यात एक्स्टेन्शनपुढे क्लास मांडलेला असतो) तोच टाइप द्या. आता 'पीडीएफ' या कीपुढे तो क्लास मांडला, की त्याच ओळीवर लाल रेघ येते. नवा फॉरमॅट जोडणाऱ्याला ते तिथल्या तिथे कळतं. फॉन्ट आधीच भरून ठेवलेला पार्शल (काही आर्ग्युमेंट्स आधीच दिलेलं कॉलेबल) त्या जागी दिला तरी चालतो, हा वरकड फायदा.

कॉलेबलने हातचं काही जातंही. क्लासमेथड बोलावता येत नाही, इजसबक्लास (हा अमक्याचा सबक्लास आहे का, ही तपासणी) करता येत नाही. या दोन्हींची रोज गरज असेल तर टाइपच बरं. क्लास डेकोरेटरमध्ये आलेलाच क्लास परत जातो, तिथे तर 'टाइप[टी]'च हवं (टी म्हणजे जो क्लास आला तोच). परत आलेल्या क्लासवरून नवा क्लास काढायला मायपाय दोन्हीकडे नाहीच म्हणतो, तेव्हा तो मुद्दा धरू नका.

सगळ्या सबक्लासचा कन्स्ट्रक्टर बेससारखाच राहणार याची खात्री असेल, तर खुशाल टाइप लिहा. माझ्या पाहण्यात तरी कुठल्या ना कुठल्या सबक्लासला पुढेमागे एखादं जास्तीचं आर्ग्युमेंट लागतंच.