वाडीतलं बिनपाटीचं गॅरेज आणि माझ्या टीटीचं पोट

आधी पत्ता सांगते, कारण गॅरेजला पाटी नाही. नागपूरहून अमरावती रोडनं वाडीत शिरलात की ट्रकांच्या रांगा सुरू होतात. त्या रांगांमागच्या कच्च्या रस्त्यावर एक टिनाचं शेड आहे. दारात ट्रकचे टक्कल पडलेले टायर, आत एक खड्डा, आणि एक कूलर. कूलरचं तोंड माणसांकडे नाही, कॉम्प्रेसरकडे आहे. तेवढी खूण पुरे. एकदा तिथल्या मेकॅनिकला विचारलं, असं का? तर म्हणे, "माणूस सावलीत बसू शकते, हा बसू शकत नाही."

गाडी माझी ऑडी टीटी, २००९ची, दुसऱ्या पिढीतली, लाल. पुण्याहून दुसऱ्या हातानं घेतली, नंबर अजून एमएच १२चा आहे. आमच्या त्रिमूर्तीनगरातल्या शेजारच्या काकू तिला कासव म्हणतात आणि आता घरातही तेच नाव पडलंय. मी दातांची लॅब चालवते, म्हणजे कवळ्या, क्राउन, ब्रिज. हे सांगायचं कारण पुढे येईल.

जानेवारीत शहरातल्या एका ठिकाणी ऑइल बदलून घेतलं. या गाडीचं ऑइल काढायचं तर इंजिनखालचं प्लास्टिकचं पॅनल आधी उतरवावं लागतं. त्यांनी उतरवलं, परत लावलं, आणि काही स्क्रू बहुधा स्वतःकडे आठवण म्हणून ठेवले. मला कळलं फेब्रुवारीत, समृद्धी महामार्गावर. शिवमडक्याहून चढले. साठला काही नाही, ऐंशीला कुजबुज, शंभरला पायाखाली कुणीतरी ओला टॉवेल झटकतंय असा आवाज. वेग कमी केला की गप्प. घरी येऊन मोबाइलचा टॉर्च घेऊन पालथी पडले, तर पुढच्या बंपरखालची कड उजवीकडून बोटभर लोंबत होती.

मागची कड सुटली तर पॅनल नुसतं फडफडतं. पुढची सुटली तर समोरची हवा आत शिरते, पॅनल शिडासारखं फुगतं आणि उरलेल्या स्क्रूंना ओढायला लागतं. आज दोन, उद्या चार. शंभरच्या वेगात ते पूर्ण निसटलं तर मागच्या गाडीच्या काचेवर जाणार. शिवाय टीटीच्या बाबतीत हवेशी खेळ नको, हे मला गाडी घेण्याआधीपासून माहीत होतं. १९९८मध्ये पहिली टीटी आली तेव्हा तिला मागे स्पॉयलर, म्हणजे हवेनं गाडी खाली दाबून धरणारी पट्टी, नव्हता. जर्मनीत भरधाव वेगात गाड्या मागून हलक्या होऊन घसरल्या, अपघात झाले, आणि मग कंपनीनं स्पॉयलर आणि ईएसपी (गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा) बसवून दिलं. माझ्या गाडीचा स्पॉयलर १२०ला आपोआप वर येतो. समृद्धीवर मर्यादाच १२०ची आहे, त्यामुळे तो पाहायची हौस मी बटण दाबून भागवते.

एका मोठ्या वर्कशॉपनं सांगितलं, पॅनल मिळणार नाही, मागवावं लागेल, दीड महिना. किंमत ऐकून मी "बरं, कळवते" म्हणाले. हे मराठीत नाही म्हणण्यासारखंच आहे. दुसऱ्या एकानं केबल टाय लावून दिले, काळे, आठ. वर एपॉक्सीचा लेप. एप्रिलपर्यंत एक टाय एक्झॉस्टच्या बाजूला वितळून गोळी झाला होता, दोन टायांनी प्लास्टिकची भोकं कापून लांबोडकी केली होती, आणि लेप सोललेल्या पापुद्र्यासारखा अख्खा हातात आला. इथे मी स्वतःवरच चिडले. पॅनलच्या मागे पीपी असं कोरलेलं असतं, म्हणजे पॉलिप्रोपिलीन, आणि त्याला सहसा कुठलाच साधा गोंद धरत नाही. ज्या बाईचा दिवस प्लास्टिक चिकटवण्यात जातो तिनं हे आधी पाहायला हवं होतं.

वाडीचा पत्ता मला लॅबमध्ये माल आणणाऱ्या टेम्पोवाल्यानं दिला. ट्रकची कामं करणारा माणूस, टीटीला काय हात लावणार, असंच वाटलं होतं. नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ तापलेले दिवस, लागला होता. सकाळी आठला पोचले तरी स्टिअरिंगला दुपट्टा गुंडाळूनच धरावं लागत होतं.

भाऊ (वय साठच्या आसपास, सगळे भाऊच म्हणतात) गाडीभोवती एक चक्कर मारून आले. खड्ड्यावर गाडी घ्यायची तर नाक घासणार होतं, म्हणून आधी चार फळ्या टाकल्या. मग खाली उतरले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. इथवर ज्या दोघांना दाखवलं होतं त्यांनी पहिल्या मिनिटालाच निकाल सांगितला होता. भाऊंनी आधी सुटलेल्या जागा मोजल्या. सहा ठिकाणी काहीच नव्हतं, दोन ठिकाणी प्लास्टिक फाटलेलं, एका जागी क्लिप बसते ती पट्टीच मोडलेली. मग केबल टाय बोटानं वाजवत वर पाहिलं.

"ताई, हे कोनं बांधलं?"

"एकानं."

"हे बांधाचं नसते. टांगाचं असते. याले हलाले जागा पायजे."

मला वाटलं बोलायची पद्धत आहे. नव्हती. प्लास्टिक उन्हात पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त वाढतं. मीटरभर लांबीत, रात्रीच्या थंडाव्यापासून दुपारच्या तापलेल्या रस्त्यापर्यंत, तीनचार मिलिमीटरचा फरक सहज पडतो. म्हणून कारखान्यातून येणाऱ्या पॅनलला काही भोकं गोल असतात, काही लांबट. गोल भोक जागा धरतं, लांबट भोक सरकू देतं. सगळीकडे करकचून आवळलं की पॅनलला वाढायला वाव राहत नाही. ते मध्येच फुगतं आणि भोकाच्या कडेला चिरतं. माझ्या दोन्ही चिरा बरोबर तिथेच होत्या.

मग चुंबकाचा किस्सा. भाऊंचा कामाचा दिवा मागे चुंबक असलेला, कुठेही चिकटवायचा. इंजिनच्या मागे फरशीला लावला तर टपकन खाली. परत लावला, परत पडला. "गाडी पत्र्याची नाही काय?" मी सांगितलं, या पिढीच्या टीटीच्या सांगाड्यात ६९ टक्के ॲल्युमिनियम आहे आणि पोलाद मुख्यतः मागच्या भागात, म्हणजे वजन पुढेमागे सारखं वाटलं जावं. त्यांनी उठून दाराला दिवा लावला, तो चिकटला. बॉनेटला लावला, पडला. मागच्या डिकीला लावला, चिकटला. पाच मिनिटं हाच खेळ. शेडमधले दोन पोरं आणि एक ट्रक ड्रायव्हर बघायला जमले. ड्रायव्हर म्हणाला, अर्धी भांड्याची आहे.

कामाचं सांगते. चिरा आधी. प्रत्येक चिरेच्या टोकाला तीन मिलिमीटरचं भोक पाडलं, म्हणजे ती पुढे धावणार नाही. कडा दोन्ही बाजूंनी तिरप्या केल्या. मोडलेली कवळी जोडताना आम्हीही अशाच कडा तिरप्या करतो, त्यामुळे इथे मी निवांत झाले. भंगारातल्या बंपरच्या पट्ट्या कापल्या, त्याच्याही मागे पीपी लिहिलंय ना हे माझ्याकडून वाचून घेतलं, आणि गरम हवेच्या गननं दोन्ही बाजूंनी वेल्डिंग केलं. दिसायला जाडं आहे, जुन्या जखमेसारखं. पण आता अंगठ्यानं कितीही वाकवा, भेग पडत नाही.

मोडलेल्या पट्टीच्या जागी रिवनट बसवायचा ठरला, म्हणजे आतून आटे असलेली पोकळ रिव्हेट. सहा नंबरच्या बोल्टसाठी नऊ मिलिमीटरचं भोक लागतं. ड्रिल करण्याआधी भाऊंनी पत्र्यामागे बोट घालून काय काय जातंय ते चाचपलं आणि ड्रिलच्या बिटावर चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण केली. खालून ब्रेकच्या, पेट्रोलच्या नळ्या जातात. हे न बघता ड्रिल चालवणारे मी पाहिलेत. रिवनट त्यांच्याकडे लोखंडी होता. मी म्हटलं, सांगाडा ॲल्युमिनियमचा, तर हाही ॲल्युमिनियमचाच हवा. तर म्हणाले, मग तुम्हीच आणा. भर दुपारी इतवारीत लोहा ओळीत गेले. चौथ्या दुकानात मिळाला. सोबत रुंद वॉशर आणि नायलॉक नट घेतले, सगळे मिळून ३६० रुपये.

परत आले तर भाऊ तांब्याची नळी कापत बसलेले. फ्रिजवाल्याकडची. कल्पना झकास होती. बोल्टभोवती पॅनलच्या जाडीपेक्षा किंचित लांब नळी घालायची, म्हणजे वॉशर नळीवर टेकतो, पॅनल चेपलं जात नाही, आणि हवं तसं सरकतं. पण तांबं? ॲल्युमिनियमला तांबं भिडलं आणि वर पावसाळ्याचं पाणी आलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मी त्यांना तोंडातलं उदाहरण दिलं. दाढेत चांदी भरलेली असेल आणि चॉकलेटची चांदी चावली तर झिणझिणी येते ना, ती दोन धातूंची बॅटरीच असते. भाऊ जरा वेळ दाढेत जीभ फिरवत बसले. मग उठले आणि ट्रकच्या हवेच्या ब्रेकचा नायलॉनचा पाइप घेऊन आले. बाहेरून आठ मिलिमीटर, आतून सहा. सहाचा बोल्ट त्यात असा बसला, जणू त्यासाठीच बनवलाय. दहा तुकडे कापले. मी लॅबच्या सवयीनं माझ्या व्हर्नियरनं मोजले. चारचे म्हणाले होते, सगळ्यात वाईट तुकडा ४.२ निघाला. त्यांनी डोळ्यांनी कापले होते.

मधला एक बोल्ट घट्ट, बाकी सगळे लांबट भोकांत. पुढच्या कडेला सगळ्यात जास्त, कारण हवा तिथून शिरते. बोल्टांची डोकी टॉर्क्सची, म्हणजे चांदणीच्या खाचेची होती, ती बदलून साधी षटकोनी केली, दहा नंबरच्या पान्याची. मूळ गाडीचे शौकीन नाक मुरडतील, पण रस्त्यात कुठेही पंक्चरवालासुद्धा आता हे उघडू शकतो आणि, महत्त्वाचं म्हणजे, परत लावू शकतो.

आता तक्रारी, कारण हे सगळं गोड गोड वाटायला नको. "संध्याकाळी घेऊन जा" म्हणाले, गाडी तिसऱ्या दिवशी मिळाली. मध्ये एका ट्रकचा क्लच आला, आणि ट्रक उभा राहिला तर कुणाचातरी माल अडतो, हे मला ऐकवलं गेलं. पटलं, पण आधी फोन करता आला असता. जॅक लावताना पोरानं तो सिलच्या, म्हणजे दाराखालच्या कडेच्या, पातळ भागाखाली ठेवला होता. मी ओरडले, मग रबराचा गुटका आला. तुमची गाडी खाली असेल तर स्वतः उभे राहा. सीटवर ग्रीसचा एक अंगठा उमटलाय, स्पष्ट, पोलिसांना देता येईल इतका. बिल मागितलं तर एका जुन्या बिल्टीच्या (ट्रकच्या मालाच्या पावतीच्या) पाठीवर लिहून दिलं: "पोट, ४२००". गॅरंटी विचारली तर म्हणाले, "पावसानंतर दाखवून जा, पैसे नाही लागत." यालाच गॅरंटी समजायची.

कार्ड चालत नाही, यूपीआय चालतं. स्पीकर इतक्या मोठ्यानं रक्कम ओरडतो की अख्ख्या रांगेला कळतं तुम्ही किती दिलेत.

पाचपैकी चार. अर्धा तारा जॅकचा कापला, अर्धा तीन दिवसांचा. अंगठ्याचा नाही कापला, तो आता मलाच आवडायला लागलाय.

त्याच आठवड्यात पहाटे साडेपाचला परत शिवमडक्याहून समृद्धीवर चढले. ऐंशी, शंभर, एकशेदहा. काहीच नाही. टायरचा सिमेंटवरचा आवाज फक्त. बटण दाबून स्पॉयलर वर घेतला, उगाच. आणि मग त्या शांततेत उजव्या कानाशी एक बारीक शीळ ऐकू आली. या गाडीच्या दाराला काचेभोवती चौकट नाही, काच थेट रबरात बसते, आणि सतरा वर्षांत ते रबर कडक झालंय. इतके दिवस फडफडीखाली ते दबून होतं. उतरताना वाडीवरून आले आणि भाऊंना ऐकवलं.

ते काचेवर दोन बोटं ठेवून उभे राहिले. "हे माझं काम नाही, ताई. पोटाचं असलं तं या."