शिफ्टच्या वेळा पाळणारी खाणावळ

चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे कामानिमित्त दोन दिवस राहावे लागले, तेव्हा बसथांब्यामागील एका बिनपाटीच्या खाणावळीत मी तीनदा जेवले. दोन जावा चालवत असलेल्या या पत्र्याच्या खोलीत जेमतेम बारा माणसे मावतात आणि जेवणाच्या वेळा कोळसा खाणीच्या शिफ्टवर ठरलेल्या आहेत.

80 रुपयांच्या ताटात ज्वारीची भाकर, लाखोळीच्या डाळीचे घट्ट वरण, भात, ठेचा आणि पाटवडीचा रस्सा मिळतो. रस्सा चांगलाच तिखट आहे, पण सावजीच्या नावाखाली अन्यत्र खपवतात तसा तेलात बुडालेला नाही. वड्या मऊ असूनही रश्शात फुटत नाहीत, हे कसब धाकट्या जावेचे. भात मात्र तिन्ही वेळा गार होता.

खरा व्यवसाय डब्यांचा आहे. खाणीच्या दवाखान्यात, कार्यालयात आणि लॅम्प रूममध्ये, म्हणजे खाणकामगारांचे दिवे ठेवण्याच्या खोलीत, कामाला असलेल्या बायका येथून डबा नेतात. त्यांतील काही जणी नवऱ्याच्या मृत्यूनंतर अनुकंपा तत्त्वावर लागलेल्या आहेत आणि पोरांचे आवरून, स्वयंपाक उरकून पहिल्या शिफ्टला पोहोचणे त्यांना जमत नाही. रात्रीच्या डब्यांत बायकांचे डबे अलीकडेच आले, असे थोरल्या जाऊबाईंनी सांगितले. त्याचे कारण कायद्यात आहे: 1952च्या खाण कायद्याने बायकांना भूगर्भात कामाची आणि जमिनीवरही सायंकाळी सात ते सकाळी सहा या वेळेत कामाची मनाई केली होती. जानेवारी 2019च्या अधिसूचनेने लेखी संमती असल्यास जमिनीवरील रात्रपाळी खुली झाली. भूगर्भात मात्र तिने दिवसाच परवानगी दिली, तीही तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापकीय कामापुरती. एका शिफ्टमध्ये किमान तिघी असाव्यात, अशी अटही तिने घातली होती. त्यामुळे हे डबे तीनच्या खाली कधी जात नाहीत, हे सांगताना जाऊबाईंना हसू आवरत नव्हते.

आतले एक बाकडे बायकांसाठी राखीव आहे. ट्रकचालकांनी भरलेल्या रस्त्यावरच्या ढाब्यांत एकट्या बाईला जे अवघड वाटते, ते निवांत जेवणे येथे सहज जमले. हात धुण्याची सोय उघड्यावर आहे आणि कोळशाची धूळ इतकी, की ताट समोर येण्यापूर्वी एकदा आणि आल्यावर, स्वतःच्या समाधानासाठी, पुन्हा एकदा पुसावे लागते. दुपारी दीडनंतर पाटवडी संपते. बाराच्या सुमारास जावे.