७९,५०० रुपये गेले आणि माझी उंची दहा सेंटिमीटरने घटली

हे लिहिताना लाज वाटते, कारण मी शिक्षिका आहे आणि मुलांना मोजपट्टी धरायला मीच शिकवते. परभणीच्या एका मंगल कार्यालयातील मोफत स्थूलता शिबिरात, स्वतःला संभाजीनगरच्या रुग्णालयाचा समन्वयक म्हणवणाऱ्या माणसाने माझे वजन ९६ किलो भरल्याचे सांगितले आणि जठराची स्लीव्ह शस्त्रक्रिया (वजन घटावे म्हणून जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची) माझ्या आरोग्य विम्यातून एक पैसाही न लागता होईल, असे पटवले. पुढचा क्रम तुम्हाला ठाऊकच असेल: तपासण्यांचे ५,५०० रुपये, मंजुरीनंतर परत मिळणारी अनामत ६५,००० रुपये (त्यातले ४०,००० पोत गहाण ठेवून, रोख आणि बिनपावतीचे) आणि शस्त्रक्रियेआधी यकृत आकसावे म्हणून पंधरा दिवस घ्यायच्या प्रथिनांच्या पावडरीचे ९,००० रुपये.

अर्जावर माझी उंची १५० सेंटिमीटर लिहिली होती. माझी उंची १६० आहे. मी विचारलेसुद्धा. तो म्हणाला, "ताई, फाइल बसवायची म्हणल्यावर तेवढं करावंच लागतंय." आणि मी सही केली. विम्यातून या शस्त्रक्रियेसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, किमान ४० लागतो, किंवा किमान ३५ आणि सोबत अनियंत्रित मधुमेह, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडकणे) असा गंभीर आजार. माझा बीएमआय ३७.५ आणि साखर गोळ्यांवर आटोक्यात, म्हणजे मी नियमात बसतच नव्हते, पण दहा सेंटिमीटर खोडले की तोच आकडा ४२.७ होतो. हे गणित मला पाच मिनिटांत करता आले असते. मात्र वीस वर्षे "तोंडावर ताबा ठेवा" एवढेच ऐकलेल्या बाईला कोणी प्रथमच "हा आजार आहे, तुमचा दोष नाही" असे म्हटले, तर ती मोजपट्टी शोधत बसत नाही.

ठरलेल्या तारखेला बॅग घेऊन रुग्णालयात गेले, तर तिथे माझे नावच नव्हते. शल्यचिकित्सक, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी तपासल्याशिवाय तारीख मिळत नाही, असे तिथल्या परिचारिकेने सांगितले. जठराचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग जो काढणार, त्याचे तोंडही मी पाहिलेले नव्हते! तुम्ही आधी ते पाहा, आणि अनामत भरायचीच तर रुग्णालयाच्या खिडकीवर, छापील पावती घेऊन.

पोलीस ठाण्यात चार खेपा झाल्या. पहिल्यांदा "हा दिवाणी मामला आहे", मग "रोख दिल्याचा पुरावा आणा", तिसऱ्यांदा साहेब बंदोबस्ताला, आणि चौथ्यांदा एका हवालदाराने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून "चालत जा रोज" असा सल्ला दिला. डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयाने तो माणूस डॉक्टरच नसल्याने हात झटकले. कोऱ्या किंवा खोट्या अर्जावर सही करू नका, कारण सही झाल्यावर गुन्हेगार तुम्हीच ठरता: चुकीची माहिती दिल्याबद्दल विमा कंपनीने खुलासा मागितला आहे तो मला, त्याला नाही. खुलासा पाठवला. त्यावर उत्तर आले, की नोंदीतली उंची बदलण्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे. तोवर त्यांच्या कागदावर मी १५० सेंटिमीटरचीच आहे.