ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर : काही महिन्यांच्या वापरानंतर

माझा एचएफ ट्रान्सीव्हर (हॅम रेडिओवर संदेश पाठवण्याचा आणि ऐकण्याचा संच) आणि लॅपटॉप यांना जोडणाऱ्या ऑडिओ केबलमध्ये ६०० ओहमचे, १:१ गुणोत्तराचे दोन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन उपकरणांतला थेट विद्युत संपर्क तोडून फक्त ऑडिओ पुढे देणारे) बसवून आता बरेच महिने झाले. वापर मुख्यतः ४० मीटर बँडवरचा, म्हणजे ७.०७४ मेगाहर्ट्झवर एफटी८ (संगणकातून छोटे डिजिटल संदेश पाठवण्याची पद्धत) आणि संध्याकाळी एसएसबीवर (आवाजाने बोलण्याच्या पद्धतीवर) बोलणे. त्याआधी लॅपटॉपचा चार्जर लावला की सिग्नलमागे सलग घूं असा आवाज येई आणि चार्जर काढताच तो थांबे.

खरेदी करण्यापूर्वी आवाजाचे मूळ ओळखणे फार गरजेचे आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने पॉवर सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर निकामी झाले, तर फुल-वेव्ह रेक्टिफायरमुळे १०० हर्ट्झचा आवाज प्रबळ होतो, आणि तिथे या ट्रान्सफॉर्मरचा काहीही उपयोग नाही. हे निदान समोरच्या स्टेशनच्या रिपोर्टवरून करू नये, कारण एसएसबीचा फिल्टर साधारण ३०० हर्ट्झच्या खालचा भाग कापतो आणि ऐकू जातात ते बहुतेक वरचे गुणक (मूळ वारंवारतेच्या पटीतले सूर). मी सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून पाहिला. आवाज तसाच राहिला, म्हणजे पॉवर सप्लाय निर्दोष होता. चार्जरमधला गळती प्रवाह ऑडिओ केबलच्या शिल्डमधून शॅकच्या (रेडिओच्या खोलीच्या) अर्थिंगकडे वाट काढत होता.

ट्रान्सफॉर्मर बसवल्यावर आवाज पुष्कळ कमी झाला, तरी पूर्ण गेला नाही. पीटीटी (ट्रान्समिट सुरू करणारी) आणि कॅट (लॅपटॉपवरून सेट नियंत्रित करणारी) या दोन्ही केबलींची ग्राउंड दोन्ही उपकरणांना जोडलेलीच होती आणि विक्रेत्याच्या माहितीपत्रकात याचा उल्लेखही नव्हता, याचे मला वाईट वाटते. पीटीटीसाठी पीसी८१७ ऑप्टोकपलर (प्रकाशाद्वारे सिग्नल पुढे नेणारा भाग) आणि कॅटसाठी यूएसबी आयसोलेटर लावल्यावरच एफटी८च्या वॉटरफॉलमध्ये (वारंवारतेनुसार सिग्नल दाखवणाऱ्या पडद्यावरच्या चित्रात) डाव्या कडेला दिसणाऱ्या उभ्या रेघा नाहीशा झाल्या.

ट्रान्सफॉर्मरला स्वतःचे शिल्डिंग नाही. पॉवर सप्लायला चिकटून ठेवला, तर त्यातल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र तो पकडतो. डबी नव्वद अंशांत फिरवताच आवाज लक्षणीय घटतो, आणि हातभर दूर नेली की जातोच. लॅपटॉपचा आवाज फार वाढवला तर गाभा संपृक्त होऊन खालच्या स्वरांत विकृती येते, म्हणून पातळी एएलसीची (ट्रान्समिटची पातळी आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेची) सुई हलणार नाही इतपतच ठेवावी.

अर्थ लूप (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून बनणारी प्रवाहाची बंद वाट) तोडण्यासाठी थ्री-पिन प्लगची अर्थ पिन काढण्याचा सल्ला अनेकदा ऐकू येतो. तो जिवावर बेतू शकतो आणि तो कोणीही पाळू नये. या कामासाठीच तर हा ट्रान्सफॉर्मर आहे.

ट्रान्समिट करतानाच होणारी घरघर मात्र बहुधा केबलींवर परतणाऱ्या आरएफची (रेडिओ लहरींची) असते, आणि ती याने थांबत नाही. माझ्याकडे २० मीटरवर ती राहिली होती. ३१ मिक्सच्या (एका प्रकारच्या फेराइट मिश्रणाच्या) फेराइट रिंगवर ऑडिओ आणि यूएसबी केबलींचे वेढे घेतल्यानंतरच ती गेली.